दुकानामागची शाळा

एसाऊ जेनकिन्स यांची बस सकाळी जॉन्स आयलंडहून निघायची आणि पूल ओलांडून चार्ल्स्टन शहरात जायची. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्याला लागून बेटांची एक माळ आहे, त्यांतलं हे एक. बसमध्ये कारखान्यांत आणि गोदीत राबणारे पुरुष असत, गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका असत, शहरातल्या शाळेत जाणारी मुलंही असत. १९५०नंतरच्या त्या वर्षांत अ‍ॅलिस वाइन नावाच्या एका प्रवासी बाईंनी जेनकिन्सना गाठलं. मला मत द्यायचंय, पण वाचता येत नाही. तुम्ही मदत केलीत तर मी नाव नोंदवीन, असं त्यांचं म्हणणं. नोंदणी अधिकारी राज्यघटनेतला उतारा वाचायला लावत. जेनकिन्सनी तो टाइप करून घेतला, बसमध्ये प्रती वाटल्या आणि जाता-येता त्यातला एकेक शब्द फोडून सांगायला सुरुवात केली. वाइनबाईंनी सगळा उतारा तोंडपाठ केला. कचेरीत त्यांनी तो धडाधड म्हणून दाखवला आणि त्यांचं नाव मतदार यादीत चढलं.

बाईंचं समाधान मात्र झालं नाही. पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना खरोखरच वाचायला शिकायचं होतं, आणि बेटावर मोठ्या माणसाला अक्षर शिकवणारी एकही जागा नव्हती. पुढच्या काही वर्षांत या अडचणीतून एक वर्ग निघाला, त्या वर्गातून दुसरे वर्ग निघाले, आणि पाहता पाहता अमेरिकेच्या सगळ्या दक्षिणेत त्यांचं जाळं पसरलं. ‘सिटिझनशिप स्कूल’ म्हणजे नागरिक-शाळा या नावानं ते ओळखलं जातं. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीचा इतिहास भाषणांनी आणि मोर्च्यांनी भरलेला आहे. पण त्या मोर्च्यांत चालणारी माणसं तयार झाली ती बऱ्याच ठिकाणी या वर्गांमधून.

वाचता येणं आणि मत देता येणं यांची गाठ कायद्यानंच मारून ठेवली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळात कालचे गुलाम आमदार म्हणून बसत होते. हे चित्र फार दिवस टिकलं नाही. १८७७ साली केंद्राचं सैन्य दक्षिणेतून मागे फिरलं, सत्ता पुन्हा जुन्या मालकांच्या हाती गेली आणि १८९५ साली राज्यानं नवी घटना केली. मतदार व्हायचं तर घटनेतला उतारा वाचता-लिहिता आला पाहिजे, नाहीतर नावावर किमान ३०० डॉलरची मालमत्ता असून तिचा कर भरलेला असला पाहिजे. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखाच होता. पण उतारा कोणता द्यायचा आणि तो नीट वाचला की नाही, हे ठरवणारा अधिकारी गोरा असे.

वाचता न येण्याची तजवीज शाळांनी आधीच केलेली होती. सेप्टिमा पॉइन्सेट, पुढच्या सेप्टिमा क्लार्क, १९१६ साली वयाच्या अठराव्या वर्षी जॉन्स आयलंडवर शिक्षिका म्हणून गेल्या. त्यांचे वडील गुलामीत जन्मलेले. चार्ल्स्टनमध्येच राहून शिकवावं, तर तिथल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरीच मिळत नसे, मुलं कृष्णवर्णीय असली तरीसुद्धा. बेटावर तेव्हा पूल नव्हता, होडीनं जावं लागे. तिथल्या शाळेत १३२ मुलं आणि शिक्षिका दोघी. समोरच गोऱ्यांच्या शाळेत तीन मुलं, एक शिक्षिका, आणि तिचा पगार सेप्टिमांच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. शेतीच्या हंगामात मुलं शाळेत येतच नसत. दिवसभर मुलांना शिकवून झालं की संध्याकाळी काही बाप्ये येत. त्यांना आपापल्या मंडळाच्या सभेत उभं राहून चार शब्द वाचायचे असत. फळा कमी पडे, म्हणून सेप्टिमा ड्रायक्लीनिंगच्या कागदी पिशव्या उसवून भिंतीला लावत आणि त्यांवर लिहीत. प्रौढांना शिकवण्याचं त्यांचं स्वतःचं शिक्षण असं सुरू झालं.

चाळीस वर्षं त्यांनी शिक्षकी केली. कृष्णवर्णीय शिक्षकांना चार्ल्स्टनच्या शाळांत जागा मिळावी म्हणून १९१९ साली त्या सह्या गोळा करत दारोदार फिरल्या. समान पगाराच्या खटल्यात १९४५ साली त्या उभ्या राहिल्या. मग १९५६ साली राज्यानं कायदा केला, की सरकारी नोकराला एनएएसीपी या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासद राहता येणार नाही. क्लार्क यांनी सभासदत्व लपवलं नाही आणि सोडलंही नाही. त्यांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. त्यांनी राज्यातल्या कृष्णवर्णीय शिक्षकांना सातशेहून अधिक पत्रं पाठवली, आपण मिळून या कायद्याला विरोध करू म्हणून. उत्तरं आली २६. ज्याचा पगार सरकारच्या हातात आहे त्याच्या भरवशावर हे काम चालणार नाही, हा धडा त्या इथं शिकल्या. पुढे त्यांनी शिक्षक निवडले ते याच धड्यावरून.

नोकरी गेली तेव्हा त्यांना बोलावणं आलं टेनेसी राज्यातून, जिथं त्या आधीपासूनच शिबिरांना जात होत्या त्या हायलँडर फोक स्कूलकडून. मॉन्टइगल गावाजवळच्या डोंगरावर मायल्स हॉर्टन यांनी १९३२ साली ही शाळा काढली होती. हॉर्टन गरीब गोऱ्या घरातले. ईश्वरशास्त्र आणि समाजशास्त्र शिकले, पण आपल्या डोंगराळ मुलखातल्या माणसांना यातलं काय उपयोगी पडेल, हा प्रश्न त्यांना सतावत होता. डेन्मार्कमध्ये शेतकऱ्यांसाठी लोकशाळा चालतात असं ऐकून ते तिथं गेले. परीक्षा नाही, पदवी नाही, एकत्र राहायचं, गायचं, बोलायचं आणि आपल्या प्रश्नांवर विचार करायचा, ही रीत त्यांना भावली. हायलँडरमध्ये आधी खाणकामगार आणि गिरणीकामगार यायचे. १९५०नंतर वंशभेदाच्या प्रश्नावर शिबिरं सुरू झाली. टेनेसीत काळ्या-गोऱ्या माणसांनी एका शाळेत शिकणं कायद्यानं बंद होतं. इथं ती एकाच टेबलावर जेवत आणि एकाच घरात झोपत. १९५५च्या उन्हाळ्यात मॉन्टगोमेरीहून रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाई क्लार्क यांच्या शिबिराला आल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि जगाला त्यांचं नाव कळलं.

त्याच्या एक वर्ष आधी क्लार्क यांनी जेनकिन्सना हायलँडरला नेलं होतं. शिबिराचा विषय होता संयुक्त राष्ट्रसंघ. शेवटी हॉर्टन नेहमीप्रमाणे विचारत, घरी गेल्यावर तुम्ही काय करणार? जेनकिन्स जगाच्या शांततेवर काही बोलले नाहीत. आमच्या बेटावर मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारी शाळा हवी आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. ते स्वतः चौथी शिकलेले. भाजीपाला पिकवून चार्ल्स्टनच्या बाजारात विकायचे. तिथले बरेच व्यापारी ग्रीक, म्हणून त्यांच्याशी सौदा करता यावा एवढी ग्रीक भाषाही ते शिकले होते. गरज पडली की माणूस काय शिकू शकतो, हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

हॉर्टन बेटावर येऊन राहू लागले, लोकांच्या घरी बसू लागले. प्रौढशिक्षणासाठी सरकारी पैसा होता, पण वर्ग चालत नव्हते. का, हे त्यांना हळूहळू कळलं. मोठी माणसं प्राथमिक शाळेच्या चिमुकल्या बाकांवर गुडघे दुमडून बसत, पोरांसाठी लिहिलेली पुस्तकं वाचत, आणि त्यांच्या लांब पायांवरून मुलं त्यांची टिंगल करत. मास्तर त्यांच्याशी लहान मुलांशी बोलावं तसं बोलत. दोनचार दिवसांत माणसं येईनाशी होत, आणि मग या लोकांना शिकायचंच नाही असा निष्कर्ष निघे. नव्या शाळेत काय असावं यापेक्षा काय नसावं, हे आधी ठरलं: लहान बाकं नकोत, पहिलीची पुस्तकं नकोत आणि पेशानं मास्तर असलेला माणूस नको.

जागेचा प्रश्न तरीही उरलाच. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं, चर्चच्या पाद्र्यांना विचारलं. दोघांनीही भीतीपोटी नकार दिला. जेनकिन्सनी बेटावर १९४८ साली ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ नावाचं मंडळ काढलं होतं. हायलँडरनं मंडळाला १५०० डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, त्यातून एक जुनी, विकायला काढलेली शाळेची इमारत घेतली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटलं, मागच्या खोल्यांत वर्ग. दुकानाच्या नफ्यातून कर्ज फिटायचं होतं, आणि फिटलंही. दुकानाचा आणखी एक फायदा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्यांना दिसायचं ते साबण-साखर विकणारं दुकान. तिथं माणसं संध्याकाळी जमली, तरी कोणाला संशय येत नसे.

शिक्षिका म्हणून क्लार्क यांनी निवडलं आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना. चार्ल्स्टनमध्ये त्यांचं ब्युटी पार्लर होतं आणि त्या शिवणकामही करत. मला शिकवता येत नाही, मी फार तर शिक्षिकेच्या हाताखाली मदत करीन, असं त्या म्हणत राहिल्या. क्लार्क आणि हॉर्टन यांना नेमकं तेच हवं होतं. रॉबिन्सनबाईंना लोकांचं बोलणं ऐकून घ्यायची सवय होती. त्यांची सगळी गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय, त्यामुळे कोणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता.

७ जानेवारी १९५७ रोजी, शेतीची कामं थंडावलेली असताना, वर्गाची पहिली संध्याकाळ भरली. चौदा माणसं आली, त्यांत बायकाच जास्त. रॉबिन्सनबाईंनी भावजयीकडून प्राथमिक शाळेचं काही साहित्य मागून आणलं होतं. माणसांची तोंडं पाहिली आणि ते त्यांनी बाजूला ठेवून दिलं. मी काही तुमची बाई नाही, आपण मिळून शिकू, असं सांगून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं साधी होती. कोणाला आपलं नाव लिहायचं होतं. कोणाला शहरात गेलेल्या मुलाचं पत्र दुसऱ्याच्या हाती न देता वाचायचं होतं. कोणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, तर कोणाला टपालानं कपडे मागवण्याच्या कॅटलॉगमधला कागद. काहींना बायबल वाचायचं होतं. आणि सगळ्यांना मतदार व्हायचं होतं.

अभ्यासक्रम तयार झाला तो याच यादीतून. नाव आधी. रॉबिन्सनबाई पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत प्रत्येकाचं नाव लिहीत. माणूस त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवी, हाताला वळण पडेपर्यंत. ज्या हातांनी जन्मभर कुदळ धरली, त्यांच्या मुठीत सुरुवातीला पेन्सिली मोडत. पासष्ट वर्षांच्या एका बाईंनी काही आठवड्यांनी फळ्यावरच्या नावांतून आपलं नाव ओळखलं, छडी हातात घेऊन त्यातलं अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं. रॉबिन्सनबाई पुढे ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिल्या. गणितासाठी वर्तमानपत्रांतल्या वाण्याच्या जाहिराती घेतल्या: दोन पौंड कोंबडी अमुक भावानं, तर किती पैसे? शेताला कुंपण घालायला तार किती लागेल, खताला खर्च किती येईल? नोंदणीचा कायदा भिंतीवर चिकटवला, त्यातले अवघड शब्द फोडून वाचले, त्यांचा अर्थ काय यावर बोलणं झालं. पहिल्याच दिवशी बाईंनी संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामाही भिंतीवर लावला होता आणि सांगितलं होतं, की वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला हा वाचता आला पाहिजे. मोठ्यांच्या मागोमाग शाळेत जाणाऱ्या मुलीही येऊ लागल्या. त्यांना शिवणकाम शिकायचं होतं, म्हणून तेही शिकवलं गेलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, हंगाम सुरू होईपर्यंत. वर्ग संपला तेव्हा त्यातली माणसं नोंदणी कचेरीत जाऊन उतारा वाचून मतदार होऊ लागली होती.

बातमी बेटांवरून फिरली. पुढच्या हिवाळ्यात वॉडमलॉ आणि एडिस्टो या बेटांवर वर्ग निघाले. उत्तर चार्ल्स्टनमध्ये एका ब्युटी पार्लरमध्येच वर्ग भरू लागला. तिथं मोलकरणी येत, आणि गुरुवारच्या सुट्टीपासून पगारापर्यंत सगळ्या गोष्टींची चर्चा होई. आधीच्या वर्गात शिकलेली माणसं पुढच्या वर्गाला माणसं आणत. क्लार्क गाडीतून फिरत, वर्गात बसून टिपणं काढत आणि कुठे काय जमलं ते पुढच्या ठिकाणी नेत. प्रत्येक वर्गाला पुस्तिका मिळे. नोंदणीचे नियम, अर्जाचा नमुना, सामाजिक सुरक्षा योजनेची माहिती, टपालाची कामं, कर कुठे भरायचे, असं सगळं त्यात असे. राज्याराज्यांच्या अटी वेगळ्या, म्हणून पुस्तिकाही वेगळ्या.

हे राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपणारच होतं. ३१ जुलै १९५९च्या रात्री टेनेसीच्या पोलिसांनी हायलँडरवर धाड घातली. हॉर्टन परदेशी होते, शिबिर क्लार्क चालवत होत्या. दारू बाळगल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. जन्मात दारूला न शिवलेल्या एकसष्ट वर्षांच्या बाईंना. पोलीस झडती घेत होते आणि दिवे मालवलेल्या खोलीत बसलेली तरुण मुलं एक गाणं म्हणत राहिली. त्या रात्री एका शाळकरी मुलीनं आपल्याला भीती वाटत नाही असं सांगणारं नवं कडवं त्यात घातलं. ‘हम होंगे कामयाब’ हे ज्याचं हिंदी रूप आपल्या शाळांमधून गायलं जातं, तेच हे गाणं. चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगार बायकांनी ते १९४०नंतरच्या दशकात हायलँडरला आणलं होतं, आणि तिथूनच ते चळवळीत पोचलं. दारूचा आरोप टिकला नाही, पण खटले चालूच राहिले. परवान्याशिवाय बिअर विकली आणि संस्थेच्या मालमत्तेतून हॉर्टन यांनी स्वतःचा फायदा करून घेतला, असा ठपका ठेवून १९६१ साली हायलँडरची सनद रद्द झाली. जमीन, इमारती, पुस्तकं, सगळ्याचा लिलाव झाला. हॉर्टन यांनी नव्या नावानं नॉक्सव्हिलला पुन्हा काम सुरू केलं.

नागरिक-शाळा त्याआधीच सुरक्षित हाती गेल्या होत्या. हायलँडर बंद पडणार हे दिसत होतं, म्हणून १९६१ साली हा सगळा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे सोपवला गेला. क्लार्क त्याच्याबरोबर गेल्या. अँड्र्यू यंग हे तरुण पाद्री आणि डोरोथी कॉटन त्यांना येऊन मिळाल्या. जॉर्जिया राज्यातल्या मॅकिन्टॉश गावाजवळ डॉर्चेस्टर सेंटर होतं. गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या शाळेची ही जागा. तिथं दर महिन्याला दक्षिणेच्या कानाकोपऱ्यांतून माणसं बसनं येत, पाच दिवस राहत आणि शिक्षक होऊन परत जात. त्यांत शेतमजूर असत, वाटेकरी असत, स्वयंपाकिणी आणि निवृत्त झालेली माणसं असत. मोठ्यानं वाचता येणं आणि फळ्यावर नीट लिहिता येणं, एवढीच पात्रता. तिथं खडू कसा धरायचा हे शिकवलं जाई, आणि तुमच्या गावातला रस्ता कच्चा का, दिवे का नाहीत, ते ठरवतं कोण, हेही विचारलं जाई.

या शिक्षणाची किंमत कोणाला काय द्यावी लागली, हे मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर यांच्या गोष्टीवरून कळतं. कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षं राबलेल्या हेमरबाई १९६२ साली मतदार नोंदणीला गेल्या आणि त्याच दिवशी मळ्यावरून हाकलल्या गेल्या. नंतर त्या याच कार्यक्रमात सामील झाल्या. ९ जून १९६३ रोजी चार्ल्स्टनचं प्रशिक्षण आटोपून परतताना विनोना गावच्या बस थांब्यावर त्यांना आणि सोबतच्यांना पोलिसांनी पकडलं. तुरुंगात त्यांना इतकं मारलं, की मूत्रपिंडाला आणि डोळ्याला झालेली इजा आयुष्यभर राहिली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६४मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात समितीपुढे बसून त्यांनी हे सगळं देशाला सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत या कल्पनेला दुसरा फाटा फुटला, तो शाळकरी मुलांसाठी. चार्ल्स कॉब हा विद्यार्थी चळवळीतला विशीचा कार्यकर्ता. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय शाळांत मुलांना प्रश्न विचारायला बंदीच असते, हे त्यानं पाहिलं होतं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला, तर या राज्यानं १९५६ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदाच रद्द करून टाकला. गोऱ्या मुलामागे सरकार जेवढं खर्च करी, त्याच्या जेमतेम पाव हिस्सा काळ्या मुलामागे. कॉबनं १९६३च्या अखेरीस सुचवलं, की उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी स्वयंसेवक येणारच आहेत, तर सुट्टीपुरत्या ‘फ्रीडम स्कूल’ काढू. अभ्यासक्रम ठरवायला मार्च १९६४मध्ये न्यूयॉर्कला बैठक झाली. त्यातून निघालेला अभ्यासक्रम बराचसा प्रश्नांचाच होता: गोऱ्यांजवळ असलेलं काय आपल्याला हवं आहे, त्यांच्याजवळचं काय आपल्याला नको आहे, आणि आपल्याजवळचं काय टिकवायचं आहे?

सुरुवातच रक्तानं झाली. फिलाडेल्फिया गावाजवळच्या माउंट झायन चर्चमध्ये अशी शाळा भरवायचं ठरलं होतं. १६ जूनला ते चर्च जाळलं गेलं. त्याची पाहणी करायला गेलेले जेम्स चेनी, मायकल श्वर्नर आणि अँड्र्यू गुडमन हे तीन तरुण कार्यकर्ते २१ जूनला मारले गेले. तरीही शाळा भरल्या. हजारभर मुलं येतील अशी अपेक्षा होती. ४१ शाळांत दोन हजारांवर आली. चर्चच्या तळघरात, घरांच्या ओसरीवर, झाडाखाली वर्ग भरले. मॅककोममध्ये बाँबच्या भीतीनं चर्चनं दार उघडलं नाही, तर मुलं बाहेर हिरवळीवर बसली. त्यांनी सरकारी शाळेत कधी न ऐकलेला आपल्या लोकांचा इतिहास वाचला, सायक्लोस्टाइलवर स्वतःची वर्तमानपत्रं काढली, आणि आपल्या शाळेत न मिळणारे विषय मागितले, फ्रेंच आणि टायपिंगसुद्धा. ऑगस्टमध्ये मेरिडियनला त्यांनी परिषद भरवून घरं, शाळा, रोजगार, मतदान अशा विषयांवर ठराव केले.

दोन प्रयोगांत एक फरक होता. फ्रीडम स्कूलचे शिक्षक बहुतेक उत्तरेकडून आलेले गोरे विद्यार्थी. उन्हाळा संपला आणि ते परत गेले. दुकानामागच्या शाळेची बाई वर्गातल्यांपैकीच होती. ती कुठे जाणार नव्हती. म्हणून एक काम सहा आठवड्यांत भडकून थांबलं, दुसरं दहा-बारा वर्षं रेटून चाललं. पण फ्रीडम स्कूलचं वारं विरलं असंही नाही. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या, तेव्हा त्याच फिलाडेल्फियात विद्यार्थी ‘एक माणूस, एक मत’ असा बिल्ला लावून सरकारी शाळेत आले. मुख्याध्यापकांनी त्यांना निलंबित केलं, पालक न्यायालयात गेले, आणि १९६६ साली अपील न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. १९६९ साली विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर सर्वोच्च न्यायालयानं जो गाजलेला निकाल दिला, त्यात याच निकालाचा आधार आहे.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला आणि दक्षिणेतल्या साक्षरतेच्या परीक्षा स्थगित झाल्या. वाइनबाईंनी जो उतारा पाठ केला होता, तो आता कोणालाच वाचून दाखवावा लागणार नव्हता. तरी वर्ग लगेच थांबले नाहीत. क्लार्क यांच्या हिशेबानं १९५७ ते १९७० या काळात ८९७ नागरिक-शाळा चालल्या. एकट्या १९६४ साली एका वेळी १९५. सगळी चळवळ या शाळांच्या पायावर उभी राहिली, असं अँड्र्यू यंग नंतर सांगत. जेनकिन्सनी १९६६ साली बेटावर पतसंस्था काढली, कारण मत मिळालं तरी कर्ज मिळत नव्हतं.

चळवळीच्या आत मात्र या कामाला मान कमीच होता. किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत क्लार्क होत्या. ही बाई इथं कशाला, असा प्रश्न तिथल्या पुरुषांनी विचारलेला त्यांनी ऐकला. त्यांनी एकदा किंग यांना पत्र लिहिलं, की प्रत्येक मोर्चा तुम्हीच काढू नका; गावोगावच्या माणसांना पुढे होऊ द्या, त्यांना तयार करा. ते पत्र बैठकीत वाचलं गेलं, तेव्हा मंडळी हसली. क्लार्क यांनी ही गोष्ट म्हातारपणी मुलाखतींत सांगितली. किंग यांच्याविषयी त्यांना आदर होता, पण हसणं त्या विसरल्या नव्हत्या.

त्या हसण्याला उत्तर इतिहासानं दिलं. एका माणसाच्या वाणीवर उभं असलेलं बरंचसं बळ १९६८ साली किंग यांच्या हत्येनंतर ओसरलं. दुकानामागच्या खोल्यांत घडलेली माणसं आपापल्या गावी होती. ती शाळा समित्यांवर, पतसंस्थांत, मतदान केंद्रांवर काम करत राहिली. बर्निस रॉबिन्सन १९७२ साली राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. ज्या यंत्रणेनं नोकरीवरून काढलं होतं, त्याच चार्ल्स्टनच्या शिक्षण मंडळावर सेप्टिमा क्लार्क १९७५ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, निवडून आल्या. पुढच्या वर्षी राज्यानं त्यांचं निवृत्तिवेतन परत दिलं.

प्रौढशिक्षणाच्या योजना बहुतेक वेळा एका आकड्यावर तपासल्या जातात: अंगठ्याऐवजी सही करणारे किती झाले. जॉन्स आयलंडच्या वर्गानं सहीपासूनच सुरुवात केली. पण सही कशावर करायची, हे आधी शिकणाऱ्याला विचारलं. मनिऑर्डरवर, कॅटलॉगच्या कागदावर, मतदार यादीवर, असं उत्तर मिळालं आणि अभ्यास तिथून पुढे गेला. म्हणूनच तिथं शिकलेल्या माणसाला शिकलेलं विसरायला वेळ मिळाला नाही, आणि त्यातल्या कित्येकांना दुसऱ्याला शिकवायला बसावं लागलं. या शाळांची मोजदाद करायची असेल, तर ती या दुसऱ्या आकड्यावर करावी: वर्गात बसलेल्यांतले किती जण पुढच्या हिवाळ्यात खडू हातात घेऊन उभे राहिले.